अनुभव धागा: तुमच्या होम थिएटरला सिग्नल कुठून येतो?

होम थिएटरचा विषय निघाला की सगळी चर्चा स्पीकर आणि पडद्यापाशीच अडकते. त्यावर लावायचं काय, हे सामान भिंतीवर चढल्यावर सुचतं. आमचंही तेच झालं. पाच स्पीकर, एक सबवूफर, भलामोठा टीव्ही, आणि त्याला जोडला घरातलाच जुना सेट-टॉप बॉक्स. पहिल्या संध्याकाळी सगळे जमून बसले आणि आवाज आला फक्त पुढच्या दोन स्पीकरमधून. मागचे दोघे नुसते शोभेला. आठवडाभर मी वायरी उलटसुलट करत होतो. दोष निघाला बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये. तिथे स्टिरिओ पीसीएम (दोनच चॅनलचा आवाज) होतं, ते डॉल्बी डिजिटल (प्रत्येक स्पीकरला वेगळा आवाज) केल्यावर मागचे स्पीकर बोलायला लागले. तेही मोजक्याच वाहिन्यांवर, कारण बाकीच्यांचं प्रक्षेपणच मुळात स्टिरिओ. शेवटी सिनेमांसाठी टीव्हीतली अ‍ॅप घेतली, तिथे मात्र पाचही स्पीकर दणक्यात वाजतात.

केबल, डिश, अ‍ॅप, अँटेना, डिस्क, काहीही असो. काय घेतलंत, का घेतलंत आणि कुठे फसलात ते लिहा. प्लॅनची जाहिरात नको, स्वतःच्या घरातलं लिहा.

* * *

आमच्याकडे डिश. नेट बंद पडलं तरी टीव्ही चालू राहतो, हा मोठा फायदा. तोटा सगळ्यांना ठाऊक आहे: पाऊस. डिशवर उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींची (त्यांच्या पट्ट्याला कु बँड म्हणतात) लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे जोराची सर आली की थेंबच त्यांना शोषतात आणि विखुरतात. आधी चित्राचे चौकोन होतात, मग आवाज तुटतो, मग ‘सिग्नल नाही’ची पाटी.

पण आमच्याकडे साध्या भुरभुरीतही पाटी यायची. दोन वर्षं आम्ही पावसालाच शिव्या घातल्या. मग एक अनुभवी मेकॅनिक आला. त्याने मीटर लावला, मागचा नट सैल केला आणि डिश बोटाने इतकीशी ढकलली की हलली हे मला दिसलंसुद्धा नाही. मीटरवरचा आकडा मात्र ५४ वरून ७८ वर गेला. उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर. इथे अंशभर फरक पडला की कोरड्या हवेत चालून जातं, पण पावसासाठी शिल्लक काही उरत नाही. आता अगदी कोसळायला लागला तरच जातो.

* * *

केबल. कारण फोन केला की माणूस येतो. बास.

* * *

डिश काढून सगळं नेटवर नेलं. सिनेमांसाठी उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. थेट सामन्यांसाठी मात्र पस्तावलो. अंतिम सामना, दिवे मालवलेले, आवाज चढवलेला, पेनल्टी घ्यायला खेळाडू अजून चेंडू ठेवतोय, आणि भिंतीपलीकडे शेजारी ओरडले. त्यांच्याकडे डिश. आम्ही जवळजवळ अर्धं मिनिट मागे! नेटवर थेट प्रक्षेपण काही काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात आणि अ‍ॅप असे दोन-चार तुकडे साठवल्याशिवाय दाखवायला लागत नाही. वेग कितीही वाढवा, तो उशीर पूर्ण जात नाही. पुढच्या मोसमाला डिश परत घेतली, फक्त खेळाच्या वाहिन्यांपुरती.

* * *

वरच्यांना अनुमोदन. शिवाय नेटवाल्यांनो, टीव्हीला लॅनची वायर द्या. फोर-के सिनेमाला १५ ते २५ एमबीपीएस लागतात, तेवढे कागदावर सगळ्यांकडेच असतात. पण राउटर एका खोलीत, टीव्ही दुसऱ्या खोलीत, मधे भिंत आणि सगळ्यांचे फोन. नेमकी रंगात आल्यावर चकरी फिरायला लागते. बहुतेक टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, त्याला नाक मुरडू नका, या कामाला पुरून उरतो. आणि महिन्याचा डेटा मोजून मिळत असेल तर हिशेब धरा: फोर-केला तासाला साधारण ७ जीबी.

* * *

माझी फजिती लिहितो. स्ट्रीमिंगचा नवा फोर-के बॉक्स आणला, रिसीव्हरला (स्पीकरांना आवाज वाटून देणारं यंत्र) जोडला, रिसीव्हरमधून टीव्हीला. मेनू दिसतो, सिनेमा लावला की पडदा काळा. बॉक्स बदलून आणला. तेच. एचडीएमआयची वायर बदलली, मग आणखी महागाची बदलली. तेच. दुकानातला म्हणे टीव्ही खराब आहे.

टीव्हीला काही झालं नव्हतं. रिसीव्हर २०११ चा. फोर-के सिनेमांना एचडीसीपी २.२ नावाचं कुलूप असतं, आणि साखळीतल्या प्रत्येक यंत्राला त्याची किल्ली लागते. माझ्या रिसीव्हरच्या जन्माच्या वेळी ते कुलूपच नव्हतं. उपाय फुकटचा निघाला. बॉक्स थेट टीव्हीला लावला आणि आवाज टीव्हीच्या एआरसी पोर्टमधून (हा एचडीएमआय पोर्ट आवाज मागे पाठवतो) उलटा रिसीव्हरकडे आणला. सेवा निवडण्याआधी आपल्या सामानाचं वय बघावं, एवढंच सांगतो.

* * *

एआरसीचं निघालंय म्हणून. आमच्याकडे टीव्हीतून साउंडबारला ऑप्टिकल वायर (आवाज उजेडाने नेणारी) होती. महागडा प्लॅन छतावरूनही आवाज येतो असं भासवणाऱ्या अ‍ॅटमॉससाठी घेतला आणि महिनाभर फरक जाणवतो असं एकमेकांना सांगत होतो. ऑप्टिकलमधून अ‍ॅटमॉस जातच नाही! अ‍ॅप आवाज पाठवतात डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये, ऑप्टिकलची मजल साध्या डॉल्बी डिजिटल ५.१ (पाच स्पीकर, एक सबवूफर) पर्यंत. काही टीव्ही तेवढं तरी करून देतात, काही सरळ दोन चॅनलवर उतरतात. एचडीएमआय एआरसी केल्यावर साउंडबारच्या पट्टीवर त्या नावाची अक्षरं उमटली तेव्हा बायकोने विचारलं, ‘मग महिनाभर तुला काय जाणवत होतं?’

* * *

मी तुमच्यातला नाही, मी डिस्कवाला. फोर-के ब्ल्यू-रेचा वेग १०० एमबीपीएसच्या वर जाऊ शकतो, नेटवर बहुधा त्याच्या पाव हिस्साच मिळतो. उजेडातल्या प्रसंगात फरक शोधावा लागतो, मान्य. पण अंधाऱ्या खोलीत एकच मेणबत्ती असा प्रसंग लावून बघा: अ‍ॅपवर भिंतीवरच्या सावलीत पायऱ्या दिसतात, डिस्कवर ती सलग उतरते. टीव्ही वाहिन्यांवर तर उपग्रहावरच्या एकाच ट्रान्स्पॉन्डरमध्ये (सिग्नल परत खाली पाठवणारं यंत्र) इतक्या वाहिन्या कोंबलेल्या असतात की विचारू नका.

आणखी एक खोड. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेमचा). २५ च्या हिशेबाने चालणाऱ्या प्रक्षेपणात तो बहुधा तसाच ४ टक्के जोरात पळवतात, म्हणजे दोन तासांचा सिनेमा पाचेक मिनिटं आधीच संपतो. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चौकट दोनदा आणि पुढची तीनदा दाखवतात, म्हणून कॅमेरा आडवा फिरला की चित्र गचके खातं. अ‍ॅपवाल्यांनी बॉक्समध्ये ‘मॅच फ्रेम रेट’ शोधून चालू करावं. बहुतेकदा ते बंदच असतं.

* * *

डिस्कवाले, तुमचं सगळं बरोबर. पण आमच्या आईला आकडा दाबला की वाहिनी लागायला हवी. तिला होम पेज नको, शिफारशी नकोत, प्रोफाइल कोणाचं ते तर नकोच. अ‍ॅपवर नेलं तर चार दिवस तिने टीव्हीच लावला नाही, तक्रारही केली नाही. डिशचा साधा पॅक परत आणला.

* * *

धागाकर्ता पुन्हा. साउंडबारवाल्यांचं वाचून काल रात्री अ‍ॅपवर सिनेमा लावला आणि रिसीव्हरच्या पट्टीवर काय लिहून येतं ते पहिल्यांदा नीट वाचलं. पीसीएम २.०. खाली बारीक अक्षरात: ऑल चॅनल स्टिरिओ. म्हणजे वर ज्या पाच दणदणीत स्पीकरांचं कौतुक केलं, ते सगळे तेच दोन चॅनल वाटून घेत होते. दीड वर्ष. टीव्हीमागे टॉर्च मारून बघितलं तर ऑप्टिकलचा लाल दिवा लुकलुकतोय. एआरसीचा पोर्ट नेमका भिंतीच्या बाजूला, बोट जात नाही. रविवारी टीव्ही उतरवतोय, धरायला माणूस हवाय.