साखर सोडायची आहे, चार वाजताच्या चहाचं काय करू?

मधला_डबा (सोमवार, रात्री १०:४०)
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

वय ४३. डोंबिवली ते परळ रोजची लोकल, काम अकाउंट्सचं, म्हणजे दिवसभर खुर्चीला चिकटलेला. कंपनीच्या वार्षिक तपासणीत एचबीएवनसी (रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आला. वडिलांना मधुमेह होता. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ता नको, साखर सोडा, पाच-सहा किलो उतरवा, तीन महिन्यांनी या. एवढं बोलून पुढच्या पेशंटला हाक मारली.

हिशेब मांडला (धंद्याची सवय). घरचे दोन चहा, दोन-दोन चमचे. ऑफिसात मशीनचे दोन. चार वाजता गेटबाहेर टपरीवर कटिंग, त्यात किती ते टपरीवाला जाणे. सोबत बिस्किटं. रात्री जेवल्यावर फ्रीज उघडून उभ्या उभ्या काहीतरी गोड. श्रीखंडाचा डबा असेल तर बोटाने.

दोनदा पडलोय. पहिल्यांदा चहाच बंद केला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोकं इतकं ठणकलं की कुर्ल्याला मध्येच उतरून चहा प्यायलो. दुसऱ्यांदा नऊ दिवस टिकलो आणि दहाव्या दिवशी सहकाऱ्याच्या मुलीचा दहावीचा निकाल लागला. पेढे. एकच घेतो म्हणालो.

अटी: महिन्याला ५०० रुपयांच्या वर खर्च नको. डायटिशियन, पावडरी, यंत्रं, ॲप नकोत. घरी चहा आई करते (वय ७१), एकाच पातेल्यात, साखर पाण्यातच पडते.

एकदम सोडावी की हळूहळू? गोडीच्या गोळ्या चालतात का? आणि चार वाजता तुम्ही काय करता?

शिळोपा (सोमवार, रात्री ११:०५)
गूळ. आमच्या घरात आठ वर्षं साखरेचा दाणा नाही. चहा, शिरा, लाडू, सगळं सेंद्रिय गुळात. माझी गुडघेदुखीसुद्धा थांबली. फक्त चहात गूळ गॅस बंद केल्यावर घालायचा, नाहीतर दूध फाटतं.

रक्ताक्षर (सोमवार, रात्री ११:२०)
शिळोपाताई, गुडघ्यांबद्दल आनंद आहे, पण ६.१ वाल्याला गूळ सांगू नका. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये १७ वर्षं आहे. "साखर पूर्ण बंद आहे हो, फक्त गूळ" म्हणणारे रोज दोन तरी येतात आणि आकडा जिथल्या तिथे. गुळाचा बराचसा भाग सुक्रोजच असतो, सोबत थोडं लोह आणि खनिजं. लोहासाठी गूळ खायचा तर इतका खावा लागेल की ते लोह बघायला तुम्ही राहणार नाही. मधाचंही तेच.

मधला_डबा, ५.७ ते ६.४ हा काठावरचा पट्टा, ६.५ पासून मधुमेह धरतात. तुम्ही बरोबर मध्यात आहात, परतीची वाट उघडी आहे. हा आकडा साधारण तीन महिन्यांचा असतो, त्यामुळे दर पंधरवड्याला तपासून पैसे घालवू नका (आमच्या लॅबचं नुकसान करून सांगतोय). आणि हिमोग्लोबिन, लोह कमी असेल तर हा आकडा फसवू शकतो, तेही डॉक्टरांना विचारा.

उसाचा_फड (मंगळवार, सकाळी ६:१५)
सकाळी उठून बघतो तर साखरेला शिव्या. चालू द्या. आम्ही ऊस घालायचा, तोडणीनंतर १४ दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) मिळायला पाहिजे असा नियम, आमची मात्र मार्चपासून लटकलेली. वर तुम्ही साखर सोडा.

शिळोपाताई, पिवळाधमक गूळ घेत असाल तर तो कसला सेंद्रिय? मळी काढायला रानभेंडीचा चीक घालतात ते ठीक, पण रंग उजळायला हायड्रॉस पावडर मारतात. गुऱ्हाळावर माझं बालपण गेलंय. चांगला गूळ काळपट तांबूस असतो. करवीरला या, दाखवतो.

शिळोपा (मंगळवार, सकाळी ८:३०)
आमचा काळाच आहे.

कॅलिफोर्नियाचा_बाळू (मंगळवार, सकाळी ९:१०)
दादा, एकच काम करा, सीजीएम लावा. दंडावर नाण्याएवढा सेन्सर, १४ दिवस चालतो, फोनवर दर काही मिनिटांनी ग्लुकोज दिसतं. भारतात पाच हजाराच्या आसपास मिळतो. मी सलग सहा लावले. मला डायबेटिस नाही, प्रीडायबेटिसही नाही, पण डेटा असावा. आज सकाळी ११ हजार पावलं झाली.

बिनपाण्याचा (मंगळवार, सकाळी ९:२५)
बजेट ५०० आहे हो बाळूशेठ. डॉलर नाही, रुपये.

कॅलिफोर्नियाचा_बाळू (मंगळवार, सकाळी ९:४०)
एकदाच खर्च आहे. तब्येतीपुढे पैसा काय? बाय द वे, माझ्या बाबतीत पेढ्यापेक्षा दोन बशा पोह्यांनी आलेख जास्त चढला. आणि जेवल्यावर १५ मिनिटं चाललो की तो उंचवटा चक्क बसका होतो. हे दोन्ही मला सेन्सरशिवाय कळलं नसतं.

बिनपाण्याचा (मंगळवार, सकाळी ९:४४)
आम्हाला कळलं ना आता, फुकट. शतपावली.

वऱ्हाडी_तर्री (मंगळवार, सकाळी १०:०२)
चहाचं सोडा, आधी पुण्याकडल्यांनी आमटीत, पोह्यात, कोशिंबिरीत, जिथं दिसलं तिथं साखर घालणं बंद करा. माझ्या सासुरवाडीला वांग्याच्या भाजीतही गूळ. जावई आहे म्हणून खातो.

सदाशिवकर (मंगळवार, सकाळी १०:१०)
चार माणसांच्या आमटीत सुपारीएवढा खडा. त्याने कोणाला मधुमेह झाल्याचं ऐकिवात नाही. तर्रीवर तरंगणारं तेल मोजलंत का कधी?

(मधले २३ प्रतिसाद आमटीवर आहेत, नवीन वाचकांनी खाली जावे.)

कडू_काढा (मंगळवार, दुपारी १:३०)
धागाकर्त्याने एक महत्त्वाची गोष्ट लिहिलीय, ती सगळ्यांनी गुळाच्या नादात सोडली. पहिल्या वेळी तुम्ही *चहा* सोडलात, साखर नव्हे. दुसऱ्या दिवशीची ती डोकेदुखी कॅफीनची होती. रोज पाच चहा पिणारा एकदम थांबला की डोकं दुखणारच, आठवड्याभरात ओसरतं. दोन लढाया एकाच वेळी काढू नका. चहा ठेवा, साखर काढा.

बिनसाखरेचा चहा वाईट लागतो कारण आपण तो वाईट करतो. भुकटी पाच मिनिटं रटरटा उकळायची, कडू जहर करायचं, मग तो कडूपणा झाकायला दोन चमचे. पाणी उकळलं की गॅस बंद, पत्ती घाला (भुकटी नको), तीन मिनिटं झाकण, वरून गरम दूध. आलं आधी पाण्यात. पहिले आठ दिवस तरीही पाणचट लागेल. माझं सव्वीस दिवसांनी असं झालं की एका लग्नात गोड चहा हातात आला आणि घोट खाली जाईना.

लिंबूटिंबू (मंगळवार, दुपारी २:१५)
एकदम सोडणाऱ्यांचं कौतुक आहे, मी हळूहळूवाली. पण त्याआधी एक करा: साखरेच्या डब्यातला चमचा तपासा. आमच्या डब्यात सासूबाईंच्या काळातला खोलगट स्टीलचा चमचा आहे. सपाट चहाचा चमचा म्हणजे ४ ग्रॅम. आमचा चमचा शीग लावून किराणावाल्याच्या काट्यावर टाकला तर ९. मी वर्षानुवर्षं "फक्त दीड चमचा" घेते म्हणून सांगत होते! छोटा चमचा डब्यात टाकला, कोणाला काही सांगितलं नाही. तीन आठवडे कोणालाही कळलं नाही. मग परत अर्धा.

जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते, म्हणजे २००० कॅलरीला ५० ग्रॅम. जमलं तर निम्मी. यांचे घरचे चार चमचे आमच्या चमच्याने निघाले तर तिथेच ३६ झाली.

गोडबोले_नाही (मंगळवार, दुपारी ३:५०)
सरळ शुगरफ्री गोळ्या घ्या, विषय संपला. पाच वर्षं घेतोय, खिशात डबी असते, काही झालेलं नाही.

रक्ताक्षर (मंगळवार, दुपारी ४:२०)
गोळ्या विष नाहीत, अमृतही नाहीत. आरोग्य संघटनेनेच २०२३ मध्ये सांगितलंय की वजन आटोक्यात ठेवायला या कृत्रिम गोडीवर विसंबू नका. शिवाय गोडाची चटक तशीच राहते. ॲस्पार्टेमवाल्या गोळ्या उकळत्या चहात टाकू नका, उष्णतेने गोडी जाते. कपात घाला.

गोडबोले_नाही (मंगळवार, दुपारी ४:२४)
तरीच आमच्या हिला मी म्हणत होतो चहा गोड का लागत नाही.

दोन_वेळा (मंगळवार, दुपारी ५:००)
दीक्षित डाएट करा. दिवसातून दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांत आटपायचं. मधल्या वेळी चहाच नाही तर साखरेचा प्रश्नच येत नाही. माझे १४ किलो गेले.

बिनपाण्याचा (मंगळवार, दुपारी ५:०३)
आणि परत किती आले?

दोन_वेळा (मंगळवार, दुपारी ५:३०)
नऊ. पण तो लग्नसराईचा दोष आहे.

मिरजेची_माई (मंगळवार, रात्री ९:१५)
धागाकर्त्याला गोळी चालू नाही हे वाचलं, पण इतर कोणी हा धागा वाचून उत्साहात येईल म्हणून लिहिते. माझे वडील साखर उतरवणाऱ्या गोळीवर होते. कोणाचं तरी ऐकून त्यांनी गोड बंद केलं, सोबत रात्रीचं जेवणही. गोळी मात्र नेमाने. सांगलीच्या एसटी स्टँडवर घाम फुटला, हात थरथरले, तिकिटाचे पैसे मोजता येईनात. लोकांना वाटलं दारू प्यालेत. उसाच्या रसवाल्याने ओळखलं, त्याच्या आईला हाच आजार होता. अर्धा ग्लास रस पाजला, दहा-पंधरा मिनिटांत माणूस जाग्यावर. तेव्हापासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात साखरेची पुडी असायची. गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाचे प्रयोग करू नका.

उसाचा_फड (मंगळवार, रात्री ९:४०)
रसवाल्याला नमस्कार, माई.

तुळशीबागवाली (बुधवार, सकाळी ११:००)
रात्री गोड खावंसं वाटलं की ज्येष्ठमधाची कांडी चघळते. आपोआप गोड लागतं, वरून साखर नको. दहा रुपयांत आठवडा जातो.

कडू_काढा (बुधवार, सकाळी ११:२०)
अधूनमधून ठीक. रक्तदाब असेल तर रोज चघळू नका, ज्येष्ठमधाने तो वाढतो. आमच्या मामांनी खोकल्यासाठी महिनाभर चघळली आणि पायावर सूज घेऊन बसले. बडीशेप बरी.

हिरवी_मिरची (बुधवार, दुपारी १२:१०)
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, कोणी सांगितलं असेल तर माफ करा, पण साखरेऐवजी गूळ वापरून बघा. खूप फरक पडतो.

रक्ताक्षर (बुधवार, दुपारी १२:११)
🙏

खिडकीजवळ (बुधवार, दुपारी १:०५)
मशीनच्या चहाकडे बघा जरा. आमच्याकडच्या प्रीमिक्सचं पाकीट शिपायाकडून मागून घेतलं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात आणि त्यात पहिलंच नाव साखर, मग दुधाची पावडर, चहा पार खाली. कोणतंही बटण दाबा, तेच येतं. बिस्किटाच्या पाकिटावरही "ॲडेड शुगर" म्हणून वेगळा आकडा असतो, तो वाचा. "डायजेस्टिव्ह" वाचून मी दोन वर्षं फसले.

आणि चार वाजता भूक असते, चटक नसते. डब्यात दुपारी उसळ किंवा अंडं घेऊन बघा. मी पोळी-बटाटा नेते त्या दिवशी चारला कपाट उचकते.

मधला_डबा (तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०:३०)
सगळ्यांचे आभार, आमटीवाल्यांचेही. उशिरा लिहितोय, वार्षिक हिशेबाची गडबड होती.

आधी चमचा. लिंबूटिंबूताई, आमचा साडेसात ग्रॅमचा निघाला. मी घरचे चार चमचे म्हणत होतो, प्रत्यक्षात... असो. बदललाय.

आईला विचारायचं धाडस होत नव्हतं. शेवटी सांगितलं. ती म्हणाली, "घरात साखर संपली नाहीये रे अजून." दोन दिवस तिने माझा चहा "आजाऱ्याचा" म्हणून वेगळा ठेवला, तोही आधी गाळून, मग उरलेल्यात साखर ढवळून बाकीच्यांना. आता तीच पद्धत पडलीय, वेगळं भांडं लागत नाही. इतकं सोपं होतं ते.

मशीनचा चहा पूर्ण बंद. खिडकीजवळताई, आमच्याही पाकिटावर पहिलं नाव साखरच. बिस्किटं बंद, खणात फुटाणे. श्रीखंडाचा डबा बायकोने माहेरी पोचवला. जेवल्यावर सोसायटीला दोन फेऱ्या, बाळूशेठचा उंचवटा डोक्यात ठेवून.

आणि चार वाजताची कटिंग ठेवलीय. साखरेसकट. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना पटणार नाही, माहीत आहे. टपरीवाल्याचं पातेलं एकच, तो माझ्यासाठी वेगळं काही करणार नाही, आणि मला ती दहा मिनिटं हवीत. त्या वेळी आम्ही चौघं असतो, त्यातला एक पुढच्या महिन्यात रिटायर होतोय. अर्धा ग्लास, एकदा. सुट्टीच्या दिवशी नाही.

खर्च: चमचा २५, फुटाणे आतापर्यंत १२०. वजन सव्वा किलो कमी. रक्त तीन महिने झाल्यावरच तपासणार.

कॅलिफोर्नियाचा_बाळू (रविवार, सकाळी १०:५०)
त्या कटिंगनंतर ग्लुकोज किती जातं ते बघायला हवं. एकच सेन्सर लावा.

कडू_काढा (रविवार, सकाळी ११:१५)
कटिंग मला पटलेली नाही. एक म्हणता म्हणता दोन होतात, तुमच्या पेढ्यासारखं. पण बाकी जमवलंत, मानलं.

उसाचा_फड (रविवार, दुपारी १२:४०)
कटिंगमधली साखर आमचीच आहे, बिनधास्त प्या. बाकीचा वाटा कोणीतरी उचला, गाळप सुरू व्हायचंय.

शिळोपा (रविवार, दुपारी १:००)
त्या टपरीवाल्याला गुळाचा चहा सुरू करायला सांगा ना. हल्ली चौकाचौकात पाट्या दिसतात.