अनुभव धागा : अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज – काय शिकलात आणि त्याची बातमी कुठून कळली?

अमेरिकेत राहणाऱ्या बहुतेक मराठी घरांपासून थोड्याच अंतरावर एखादे कम्युनिटी कॉलेज, म्हणजे स्थानिक लोकांसाठीचे दोन वर्षांचे सार्वजनिक महाविद्यालय, असते, आणि वर्षानुवर्षे त्याच्या फाटकावरून ये-जा करूनही आत काय चालते याचा आपल्याला पत्ता नसतो. १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे, शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि तेथील हायस्कूलचे अधीक्षक जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्या पुढाकाराने, हायस्कूललाच जोडून विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांचे वर्ग सुरू झाले. आजही चालू असलेले हे सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज. आता एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ महाविद्यालये आहेत. तरीही 'विद्यापीठात नंबर न लागलेल्यांची जागा' या शेऱ्यापलीकडे आपल्या गप्पांत त्यांचा विषय सहसा निघत नाही.

आपण तेथे काय शिकलात हे तर लिहावेच, पण ती संधी आहे हे आपल्याला कसे कळले, तेही आवर्जून लिहावे, कारण बहुतेकांचे घोडे तिथेच अडते. नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून राज्याचा उल्लेख करावा. तक्रार असल्यास महाविद्यालयाचे नाव घेऊ नये.

ईस्ट बे, कॅलिफोर्निया

मी एच-४ व्हिसावर (एच-१ या कामाच्या व्हिसावरील व्यक्तीच्या जोडीदाराला मिळणाऱ्या) आले तेव्हा नोकरी करता येत नाही एवढेच मला माहीत होते. शिकता येते, हे मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात एका ताईंनी सांगितले. त्याच बोलण्यात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला कोणत्याही माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर दिसली नव्हती. कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य झाले आणि इथेच राहण्याचा इरादा कागदोपत्री दाखवता आला, की एच-४ वरील व्यक्तीलाही रहिवाशांचे शुल्क लागू होऊ शकते. ते शुल्क २०१२ पासून सेमिस्टर पद्धतीच्या महाविद्यालयांत एका युनिटला (विषयाचा भार मोजण्याच्या मापाला) ४६ डॉलर आहे, म्हणजे तीन युनिटांचा एक विषय १३८ डॉलरांत होतो. बाहेरच्यांसाठीचे शुल्क याच्या कितीतरी पट असते.

प्रवेश कार्यालयातील खिडकीवर मात्र मला "व्हिसा म्हणजे बाहेरचे शुल्क" असे ठामपणे सांगून परत पाठवण्यात आले. दोन गोष्टींची गल्लत होत होती: एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्यांना आणि पर्यटक व्हिसावरच्यांना हा लाभ मिळत नाही, एच-१ आणि एच-४ वरच्यांना मिळू शकतो. मी घरभाड्याचा करार, कॅलिफोर्नियाचा वाहन परवाना, राज्याचे करविवरण आणि बँकेची जुनी पत्रे एका फाइलमध्ये तारखांच्या क्रमाने लावून पुन्हा गेले आणि खिडकीवर वाद न घालता 'रेसिडेन्सी'चे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांची भेट मागितली. त्यांनी कागद चाळले, दोन प्रश्न विचारले आणि संगणकावरील नोंद माझ्यासमोरच बदलली.

मी बालशिक्षणाचे विषय घेतले. कॅलिफोर्नियातील परवानाधारक बालवाडीत पूर्ण पात्र शिक्षिका होण्यासाठी बालशिक्षणाचे १२ युनिट आणि काही महिन्यांचा अनुभव लागतो. सहा युनिट झाल्यावर, उरलेले शिकत असतानाच, कामाला सुरुवात करता येते. महाविद्यालयाच्या आवारातील बालवाडीत निरीक्षणाचा तास असे. एकतर्फी काचेमागे बसून, एका मुलाने ठोकळे कसे रचले, ते पडल्यावर काय केले, कोणाकडे पाहिले, हे आपले मत न मिसळता केवळ घडले तसे लिहायचे. "तो रागावला" असे लिहिले की बाई लाल शाईने विचारायच्या, "तुम्हाला काय दिसले?" बी.एड. करताना अशी सवय मला कोणी लावली नव्हती. नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या प्रक्रियेचा ठरावीक टप्पा पार पडल्यावर, २०१५ पासून काही एच-४ धारकांना मिळणारा कामाचा परवाना मलाही मिळाला, तेव्हा माझे युनिट तयार होते.

बेलव्ह्यू परिसर, वॉशिंग्टन

आमच्या राज्यात 'रनिंग स्टार्ट' नावाची योजना आहे. अकरावी-बारावीची मुले हायस्कूलचे विषय कम्युनिटी कॉलेजमध्ये घेऊ शकतात, शिकवणीचे शुल्क भरावे लागत नाही आणि एकाच विषयाचे क्रेडिट दोन्हीकडे धरले जाते. पुस्तके, किरकोळ फी आणि ये-जा यांचा खर्च आपला. या योजनेच्या माहितीची संध्याकाळ हायस्कूलमध्ये असते; तिचा ईमेल शाळेच्या साप्ताहिक पत्रात, खेळांच्या निकालांच्या आणि हरवलेल्या डब्यांच्या खाली, दडलेला होता. तो आमच्या मुलीने वाचला, आम्ही नाही.

मला यात सर्वांत मोलाचे वाटले ते हे, की सतराव्या वर्षी तिच्या वर्गात तिशी-चाळिशीतील माणसे होती. इंग्रजीच्या तासाला तिच्या गटात सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि रात्रपाळी करून येणारी एक आई होती. गटाचे काम वेळेवर झाले नाही तर त्या आईची झोप बुडते, हे कळल्यावर तिला सारखी आठवण करून देण्याची गरज आम्हाला उरली नाही. दुसरी बाजूही सांगतो: येथील गुण कायमचे असतात. नापास झालेला विषय हायस्कूलच्या आणि महाविद्यालयाच्या अशा दोन्ही गुणपत्रकांवर दिसतो, त्यामुळे मूल तयार नसेल तर घाई करू नये.

साउथ बे, कॅलिफोर्निया

मुलाने आधी कम्युनिटी कॉलेज आणि मग विद्यापीठ असा मार्ग धरला तेव्हा ओळखीतल्या अनेकांनी नाके मुरडली. त्यांना मी एवढेच सांगत असे, की पदवीच्या कागदावर शेवटच्या विद्यापीठाचे नाव असते.

या मार्गावर माहितीची शिस्त फार लागते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा शाखा, म्हणजे डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ, अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी देतात. तिला 'टॅग' म्हणतात. हमी एकाच शाखेसाठी घेता येते, काही विषयांना ती मिळतच नाही, आणि तिचा अर्ज सप्टेंबर महिन्यातच करावा लागतो; विद्यापीठाचा मुख्य अर्ज त्यानंतर वेगळा. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो या योजनेत नाहीत. त्यामुळे "टॅग आहे म्हणजे बर्कली नक्की" असे कोणी सांगत असेल तर ती वाऱ्यावरची बातमी समजावी.

दुसरे म्हणजे 'असिस्ट' हे राज्याचे संकेतस्थळ. आपल्या महाविद्यालयातला कोणता गणिताचा विषय कोणत्या विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरला जाईल, हे त्यावर तंतोतंत मिळते. मुलगा दर सत्राआधी त्याची प्रत काढून काउन्सेलरकडे जात असे आणि चर्चेत ठरलेले त्याच कागदावर लिहून आणत असे. काउन्सेलरच्या भेटी नोंदणीच्या आठवड्यात मिळणे दुरापास्त असते. सत्राच्या मधल्या शांत काळात गेल्यास तीच व्यक्ती अर्धा तास निवांत बोलते. डी अँझा आणि फूटहिल या महाविद्यालयांत सेमिस्टरऐवजी क्वार्टर पद्धत, म्हणजे वर्षात अधिक पण छोटी सत्रे, आहे, म्हणून तेथील मुदती वेगळ्या असतात. शेजारच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मित्राच्या तारखांवर विसंबू नये.

पुण्याहून मुलीकडे आलेला एक सेवानिवृत्त, लॉस आल्टोस

पर्यटक व्हिसावर असल्यामुळे मला अभ्यासक्रमाला प्रवेश घेता येत नाही. तरी आवारात फिरायला, व्याख्याने ऐकायला कोणाची आडकाठी नाही. फूटहिल महाविद्यालयात १९९९ पासून 'सिलिकॉन व्हॅली खगोल व्याख्यानमाला' चालते. ती तेथे अनेक वर्षे शिकवणारे प्राध्यापक अँड्र्यू फ्रॅकनॉय यांनी उभी केली. जुनी व्याख्याने यूट्यूबवर असल्याने मी ती पुण्यातूनही ऐकतो. वेधशाळेतही जाऊन आलो. घुमटाबाहेर रांग होती, दुर्बिणीपाशी जायला चार पायऱ्यांची चाकांची शिडी. हौशी खगोल मंडळाचे एक स्वयंसेवक प्रत्येकाला "हात दुर्बिणीला नको, मागे धरा" असे सांगत होते. शनीचे कडे मी आयुष्यात प्रथमच डोळ्यांनी पाहिले आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या शाळकरी मुलाने "आजोबा, माझी पाळी" या अर्थाचे काहीतरी इंग्रजीत म्हटल्यावर खाली उतरलो. या कार्यक्रमांच्या बातम्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील दिनदर्शिकेत असतात. नातवाने ती मला फोनवर जोडून दिली आहे.

मध्य न्यू जर्सी

येथे महाविद्यालये काउंटीनिहाय (जिल्ह्यासारख्या विभागानुसार) आहेत, त्यामुळे दुसऱ्या काउंटीत शिकायला गेल्यास शुल्क वाढते. मला हवा असलेला अभ्यासक्रम आमच्या काउंटीच्या महाविद्यालयात नव्हता. अशा वेळी 'चार्जबॅक' मागता येतो: आपल्याकडे हा अभ्यासक्रम नाही असे आपल्या महाविद्यालयाने लिहून दिले की शुल्कातला फरक काउंटी उचलते. ही तरतूद मला वर्गातल्या एका मुलीकडून कळली. अर्ज सत्रागणिक नव्याने करावा लागतो काय, हे आपल्या काउंटीत विचारून घ्यावे.

टेक्सासहून एक प्रश्न

ईस्ट बेच्या ताई, भारतातील पदवी असताना पुन्हा प्राथमिक विषय करावे लागले का?

ईस्ट बे, कॅलिफोर्निया

काही विषयांना पूर्वअट असते. भारतातील गुणपत्रकांचे मान्यताप्राप्त संस्थेकडून मूल्यमापन करून घेतले तर ती बहुधा शिथिल होते. विद्यापीठाकडून सीलबंद लिफाफा मागवायचा असेल तर त्याला वेळ लागतो, म्हणून भारतात गेल्यावर ते काम उरकून घ्यावे. अधिकृत उत्तर आपल्या महाविद्यालयाकडूनच घ्यावे.

कॅलिफोर्नियात अर्धवेळ शिकवणारी एक प्राध्यापिका

वरील सर्व अनुभव विद्यार्थ्यांच्या बाजूचे आहेत. फळ्यापाशी उभे राहून काय दिसते ते सांगते. आमच्या राज्यात अर्धवेळ शिक्षकाला एका डिस्ट्रिक्टमध्ये (एकाच व्यवस्थापनाखालील महाविद्यालय किंवा महाविद्यालयांत) पूर्ण कामाच्या ६७ टक्क्यांहून अधिक काम देता येत नाही. म्हणून माझ्यासारखे अनेकजण सकाळी एका गावी आणि संध्याकाळी दुसऱ्या गावी शिकवतात. आम्हाला 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. विद्यार्थी मला वर्गानंतर भेटू पाहतात तेव्हा मी बहुधा पार्किंगच्या दिशेने निघालेली असते. भेट हवी असल्यास आधी ईमेल करावा, मी वेळ काढते.

दुसरे, वर्ग भरला आहे असे दिसले म्हणून निराश होऊ नये. प्रतीक्षा यादीत नाव घालून पहिल्या तासाला प्रत्यक्ष हजर राहावे. मी हजेरी घेते, न आलेल्यांची नावे कमी करते आणि मागे भिंतीशी उभ्या असलेल्यांना यादीच्या क्रमाने 'ॲड कोड' (प्रवेशाचा सांकेतिक क्रमांक) देते. तो कोड मुदतीच्या आत संगणकावर भरला तरच प्रवेश होतो. नुसते वर्गात बसून राहिल्याने होत नाही, आणि दर सत्रात कोणीतरी कोड मिळाल्याच्या आनंदात तो भरायचाच विसरते.

याउलट, ज्या विषयाला नोंदणी कमी तो सत्र सुरू होण्याच्या सुमारास रद्द होतो. मराठी घरांतून अनेकजण "बघू, शेवटच्या आठवड्यात ठरवू" म्हणतात आणि तोवर तो वर्ग उरलेला नसतो, माझेही त्या सत्राचे काम गेलेले असते. ज्यांना संध्याकाळचा किंवा कमी मागणीचा विषय हवा आहे त्यांनी नोंदणी उघडताच नाव घालावे. ठरावीक तारखेच्या आत विषय सोडला तर पैसे परत मिळतात आणि गुणपत्रकावर खूण राहत नाही. त्यानंतर सोडल्यास विषय सोडल्याची 'डब्ल्यू' ही नोंद राहते. वेळापत्रकात ज्या विषयापुढे पाठ्यपुस्तकाचा खर्च शून्य असे चिन्ह असेल तो विषय आधी पाहावा. इतर अनेक विषयांचे पुस्तक ग्रंथालयात राखीव ठेवलेले असते आणि ते काही तासांसाठी तिथेच बसून वाचायला मिळते. पुढच्या सत्राचे वेळापत्रक नोंदणी उघडण्याच्या काही आठवडे आधी संकेतस्थळावर लागते.