भाऊ चर्चला येत नाही, आई म्हणते देवानं त्याला सोडलेलं नाही

मिरजकरीण
सलाम मंडळी. धाकटा भाऊ तासगावच्या बेदाण्याचे बॉक्स टेम्पोनं पोचवतो. लहानपणी संडे स्कूलची सगळी बक्षिसं याचीच. पप्पा गेल्यापासून देवाचं नाव काढत नाही. नाताळलाही करंज्या खाऊन गाडी काढतो. आई म्हणते, "त्यानं सोडलं असेल, देवानं नाही." चर्चच्या मंडळीतले एक वडील, म्हणजे ज्येष्ठ पुढारी, म्हणतात, असं बोलूनच तुम्ही पोराला मोकाट सोडलंय, देव आज्ञा पाळणाऱ्यांचा. शास्त्रात नेमकं काय आहे? नुसती वचनं फेकू नका, समजावून सांगा.

जुना_सेवक
ताई, बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकाचा ९ वा अध्याय काढा. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले इस्राएली लोक यरुशलेमेत उभे राहून आपल्याच पूर्वजांचा पाढा वाचतात. मिसरातून सुटून रानात असताना यांनी धातूचं वासरू ओतलं, त्यालाच देव म्हणाले. तरी दिवसा वाट दाखवणारा मेघस्तंभ हलला नाही, मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं रोजचं अन्न, थांबला नाही. ४० वर्षं कपडे विरले नाहीत, पाय सुजले नाहीत. एवढ्या मोठ्या प्रार्थनेत कुणाला तरी पायांची आठवण झाली, हे मला फार आवडतं.

पण वडीलही अगदीच चुकीचं बोलत नाहीत. गणनेच्या पुस्तकाचा १४ वा अध्याय वाचा. देवानं देऊ केलेल्या कनान देशात जायला याच लोकांनी नकार दिला, तेव्हा तिथल्या हेरगिरीच्या ४० दिवसांची, दिवसाला एक वर्ष अशी, रानातली ४० वर्षं झाली. ती पिढी रानातच संपली. जायला तयार असलेले दोन हेर, यहोशवा आणि कालेब, तेवढे पोचले. रानात संपली, पण उपाशी नाही. दोन्ही गोष्टी एकाच गोष्टीत आहेत, आपण सोयीची तेवढी उचलतो.

लोणंदचा_माळकरी
मी तुमच्या धर्मातला नाही, तरी लिहितो. आमच्या गावात माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो. चुलत्यांनी माळ काढली तेव्हा घरात रडारड. आजी म्हणाली, "इठोबा अठ्ठावीस युगं इटंवर उभा हाय, ह्याच्या दोन-चार वर्सानं त्याचं पाय दुखत न्हाईत." तुमच्या आईशी तिचं जमलं असतं.

यार्डातला
आमचा सांगलीत हळदीचा धंदा, त्यामुळे माझी नजर हिशेबावर जाते. देव नुसता उभा राहत नाही, पदरचं घालतो. होशेयच्या पुस्तकाचा ३ रा अध्याय बघा, देवाचं प्रेम दाखवायलाच ही गोष्ट आहे. होशेय संदेष्ट्याची बायको दुसऱ्याकडे गेलेली. तिला आणायला त्यानं १५ शेकेल (जुनं वजन) चांदी आणि दीड होमर (धान्याचं जुनं माप) जव मोजले. स्वतःचीच बायको, तीही विकत! रोकड कमी पडली म्हणून जव घातले असावेत, असा माझा अंदाज. आणि घरी आणल्यावर, आता नीट राहायचं, हेही बजावलंच.

मिरजकरीण
@यार्डातला, जवाचं कधी लक्षातच आलं नव्हतं. रात्री आईला नहेम्या वाचून दाखवला. म्हणाली, "मला काय सांगतेस? मोठ्यानं वाच, तो बाहेर टेम्पो पुसतोय."