मदत हवी आहे : जेम्स टॉलमॅज यांची पत्रे कोठे वाचता येतील?

नमस्कार. न्यूयॉर्कचे प्रतिनिधी जेम्स टॉलमॅज यांच्यावर मी एक दीर्घ लेख लिहीत आहे. मिसूरीला राज्याचा दर्जा देणाऱ्या विधेयकाला त्यांनी फेब्रुवारी १८१९ मध्ये दुरुस्ती सुचवली, ती अशी की तेथे नवे गुलाम आणू नयेत आणि राज्यस्थापनेनंतर जन्मलेली गुलामांची मुले वयाच्या २५ व्या वर्षी मुक्त व्हावीत. प्रतिनिधिगृहाने ती मंजूर केली, सिनेटने फेटाळली. तेव्हा त्यांच्या मुदतीचे तीन आठवडेही उरले नव्हते, आणि मला त्यांचे मोल वाटते ते यामुळेच. पुढे ते न्यूयॉर्कचे उपराज्यपाल झाले. त्या वर्षांतील त्यांची पत्रे कोणत्या ग्रंथालयात आहेत? न्यूयॉर्क परिसरातील मराठी वाचकांपैकी कोणी ती पाहिली असल्यास कृपया कळवावे.