ताडोबा, मे महिना: मोहर्ली की कोलारा?

प्रश्न (सहा_जण): मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून सहा जण निघतोय, आईबाबा साठीपुढचे. चार सफाऱ्या घ्यायच्यात. दोन मोहर्ली गेटहून, दोन कोलारा गेटहून घ्याव्यात का? बफर (मुख्य जंगलाभोवतीचा पट्टा) घेण्यात अर्थ आहे का?

ऐनसादडा: दिवस बदलणार असेल तरच गेट बदला. सकाळी मोहर्ली, दुपारी कोलारा असं बुकिंग अजिबात नको. मोहर्ली दक्षिणेला, कोलारा उत्तरेला. मधून रस्ता दिसतो, पण तो सफारीच्याच गाड्यांना. बाहेरून जंगलाला वळसा घालताना जेवण आणि झोप दोन्ही जातं. रेल्वेने चंद्रपूरला उतरणार असाल तर मोहर्ली. विमानाने नागपूरला उतरलात तर उमरेड-भिसी-चिमूरवरून कोलारा सोयीचं. मंगळवारी कोअर (आतलं मुख्य जंगल) बंद असतो, तारखा पाहून घ्या.

पाणवठा: मे महिन्यात झाडोरा वाळलेला असतो, पाणी मोजक्याच जागी उरतं. त्यामुळे गाडी पळवण्यापेक्षा पाणवठ्यावर थांबणं फायद्याचं. दुपारच्या फेरीत पहिला तासभर तरी एका जागी बसू द्या, असं गाईडला आधीच सांगा. वाघ पाण्यात बहुतेक वेळा मागे सरकत, पार्श्वभाग आधी टेकवत बसतो, आणि एकदा बसला की लवकर उठत नाही. घोळ होतो तो असा: चितळ ओरडलं की वाघच आहे समजून सगळ्या जिप्सी (सफारीच्या उघड्या गाड्या) तिकडे धावतात. चितळ बिबट्याला, रानकुत्र्यांना, कधी नुसत्या हालचालीलाही ओरडतं. सांबर थांबून थांबून ओरडत राहिलं तर मात्र इंजिन बंद करून थांबा. वानर झाडावर असेल तर त्याची नजर कुठे लागलीय ते पाहा. आणि पगमार्क (पंजाचा ठसा) टायरच्या खुणेवर उमटलेला असेल तर वाघ गाडीनंतर गेलाय. टायर त्याच्यावरून गेलं असेल तर ठसा जुना.

बांबूबन: बफर जरूर घ्या, चारातली एक सफारी तरी. मोहर्लीला राहिलात तर आगरझरी, देवाडा, जुनोना ही बफरची गेटं जवळ. कोलाऱ्याला अलिझंझा, मदनापूर. वाघाला कोअरची हद्द कुठे ठाऊक! जिप्सीत सहा जण बसतात, पण मागची सीट उंच आणि धक्के तिलाच जास्त. आईबाबांना मधली द्या. बुकिंगला दिलेलं ओळखपत्रच मूळ प्रत म्हणून न्या, झेरॉक्सवर गेटवर अडवतात. मोबाइलला आत बंदी आहे, फोटोसाठी कॅमेरा लागेल. पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा माणशी दोन लिटर पाणी आणि ओला करायला सुती पंचा हवाच.