कांदा-लसूण मसाला ऑनलाइन विकायचाय, जीएसटी घ्यावाच लागेल का?

मसाला_कोल्हापूर:
नमस्कार. मी कोल्हापुरात नोकरी करते आणि सासूबाई न मी मिळून घरी कांदा-लसूण मसाला आणि उडदाचे पापड करतो, गेली तीन वर्षं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरूनच जातंय. उन्हाळ्यात डंकावर पहाटे नंबर लावायला लागतो इतकं काम असतं, नंतर थंड. वर्षाची विक्री ३ लाखाच्या आसपास. आता नणंद म्हणते अ‍ॅपवर टाक, तर फॉर्म भरायला बसले आणि लगेच जीएसटी नंबर मागितला. एक एजंट ४ हजार सांगतोय, शेजारचे काका म्हणतात ४० लाखाच्या आत काही लागत नाही. खरं काय धरायचं? आणि पगाराचं रिटर्न भरते त्यात हे कुठं दाखवायचं?

सांगलीकर७१:
काका बरोबर आहेत ताई. महाराष्ट्रात मालाच्या विक्रीला ४० लाखाची मर्यादा आहे, २०१९ पासून. बिनधास्त विका.

करसल्लागार_सातारा:
दादा, अर्धंच बरोबर आहे, आणि अशा अर्ध्या माहितीवरच लोकांना नोटिसा येतात म्हणून सविस्तर लिहितो. ४० लाखाची मर्यादा फक्त राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला. टॅक्स लागणारा माल राज्याबाहेर गेला की विक्री ३ लाख असो नाहीतर ३० हजार, नोंदणी घ्यावी लागते (हस्तकलेच्या वस्तूंना सूट आहे, मसाल्याला नाही). म्हणजे ताई, तुमच्याकडून गडचिरोलीला पार्सल गेलं तर चालतं, पण दोन-अडीच तासांवरच्या बेळगावला गेलं तर नाही. किती विकता याच्या आधी कुठं पाठवता ते बघा.

आता अ‍ॅपचं. आधी अ‍ॅपवर विकायचं म्हटलं की नोंदणी सक्तीचीच होती, पण १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना त्यातून मोकळीक दिलीय. जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून एनरोलमेंट नंबर (पूर्ण जीएसटी नोंदणीऐवजी चालणारा) काढायचा, तो एकाच राज्यासाठी मिळतो आणि त्यावर राज्यातल्या राज्यातच विकता येतं. रिटर्न नाही, अ‍ॅपने टीसीएसही (विक्रीच्या पैशातून आधीच कापला जाणारा कर) कापायचा नसतो. मीशोवर हा नंबर चालतो, बाकी ठिकाणी आधी विचारून घ्या. सरकारी फी शून्य आहे, ४ हजार कशाला देताय?

पगाराशेजारी धंद्याचं उत्पन्न आलं की आयटीआर-१ (नुसत्या पगारवाल्यांचा रिटर्न फॉर्म) चालत नाही, साधारण आयटीआर-४ (छोट्या धंद्यांचा) लागतो. त्यात बँक-यूपीआयने आलेल्या विक्रीवर निदान ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरतात, पण खरा नफा जास्त असेल तर तोच दाखवायचा. आणि खायचा माल आहे, एफएसएसएआयची (अन्न सुरक्षेची सरकारी संस्था) नोंदणी राहिली असेल तर ती आधी करा.

पुणेरी_पर्स:
माझा अनुभव सांगते, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी कापडी पर्स विकते, बाहेरच्या राज्यातून ऑर्डर येतील म्हणून घाईने जीएसटी घेतला, मग बाळंतपणात सहा महिने काहीच विकलं नाही आणि विक्रीच नाही तर रिटर्न कसलं असं वाटून भरलंच नाही. शून्याचं रिटर्नसुद्धा भरावं लागतं!! दिवसाला २० रुपये लेट फी चढत गेली, एका रिटर्नला ५०० वर थांबते खरी पण वरून नंबर रद्द करायची नोटीस आली. तान्हं बाळ मांडीवर घेऊन उत्तरं लिहिलीत मी. शिवाय महाराष्ट्रात जीएसटी घेतला की व्यवसाय कर वर्षाला २५०० वेगळा. त्यामुळे घेणार असाल तर दर तिमाहीच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मसाला_कोल्हापूर:
बापरे. बेळगावला मावशीच्या ओळखीत महिन्याला ८-१० पाकिटं मसाला जातो माझा. पापडही जातात. आता काय करू?

करसल्लागार_सातारा:
पापडावर जीएसटीच नाही, नुसत्या पापडाला नोंदणी लागत नाही, पण एनरोलमेंट नंबर घेतला की राज्याबाहेर कुठलाच माल पाठवता येत नाही, पापडही नाही. मसाल्याचं पार्सल मात्र नोंदणी होईपर्यंत थांबवा, आणि आधी गेलेल्या पाकिटांचा हिशोब काढून जवळच्या कुणा जाणकाराला दाखवा. एक गोष्ट लक्षात घ्या, नोंदणी केली की फक्त बेळगावच्या पाकिटांवर नाही, कोल्हापुरात शेजारी विकलेल्या मसाल्यावरही ५ टक्के लागणार. कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीची सोप्या कराची योजना) जाता येणार नाही, त्यात राज्याबाहेर विकता येत नाही. महिन्याच्या १० पाकिटांसाठी हे सगळं परवडतं का ते सासूबाईंबरोबर बसून बघा.

मसाला_कोल्हापूर:
काल रात्री हिशोब मांडला. नाही परवडत. मावशीला फोन करून सांगितलं, सध्या बेळगावला काहीच नाही, पापडही नाहीत. एनरोलमेंट आज दुपारी भरते, पॅनवरचं नाव लग्नाआधीचं आहे तर अडचण येईल का?

करसल्लागार_सातारा:
पॅनवर आहे तेच नाव टाका, अक्षर न् अक्षर.