मदत हवी आहे: चर्चमध्ये गिटार वाजवायची आहे, एफ कॉर्ड धरवत नाही

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्याचा, वय ४१. ऑर्गन वाजवणारा पोरगा नोकरीसाठी मुंबईला गेला आणि कॉयरने गिटार माझ्या गळ्यात मारली. तीन महिन्यांत जी, सी, डी, ई मायनर हे कॉर्ड (एकत्र छेडायचे सूर) जमले. पण एफ धरला की पहिली तार नुसती थडथडते, आणि कॉयरमधल्या बायका निम्मी गाणी एफ सुरातच उचलतात! सध्या गिटारच्या तिसऱ्या घरात कॅपो (सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावून डी, जी, ए धरतो, निभावतं. ही पळवाट चालू ठेवू की आत्ताच एफ घोटू? कम्युनियनच्या (चर्चमध्ये प्रसाद घेतानाच्या) संथ, तीन मात्रांच्या गीतांना स्ट्रमिंग, म्हणजे तारांवर हात फिरवणं, कसं करावं? आणि खाऱ्या हवेत तारा महिन्यात गंजतात, कोटिंगवाल्या टिकतात का?